समानीन की सबैन

तीन कागद टेबलावर होते आणि तिन्हींत एकच सनद होती. एका देवस्थानाला पेशव्यांनी दिलेल्या इनाम जमिनीची. दावा दिवाणी, पक्षकारांची नावे इथे नकोत. वाद असा, की दुसऱ्या पक्षाकडे त्याच गावचा शके १६९६ चा, म्हणजे १७७४-७५ चा कागद होता. आमची सनद त्याच्या आधीची की नंतरची, एवढेच ठरवायचे होते. मी मोडी वाचक. त्या दिवशी पुण्यात एका खोलीत माझ्याबरोबर कागदाचे रसायन जाणणारे एक सर, हस्तलिखितांचे संपादन करणाऱ्या संस्कृतच्या मॅडम, संख्याशास्त्राच्या एक प्राध्यापिका आणि वकीलसाहेब होते.

कागदांना क, ख, ग अशी नावे दिली. क घराण्याच्या पेटीतला, कुटुंब त्याला 'मूळ सनद' म्हणत होते. ख इंग्रजी अमलात इनामांची चौकशी झाली तेव्हाची नक्कल. ग देवस्थानाच्या जुन्या वहीत उतरवून घेतलेला मजकूर.

कालोल्लेख तिन्हींत असा: पौष शुद्ध १०, रविवार, छ ९ रमजान, सन समानीन मया व अलफ. 'छ' म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. सन आहे सुहूर, अरबी संख्याशब्दांत लिहिला जाणारा. समानीन ८०, मया १००, अलफ १०००, मिळून ११८०. सुहूर वर्ष मृगाला बदलते, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवायचे. पौष शुद्ध दशमी त्या वर्षी जानेवारीत, म्हणजे १७८०. घोळ संवत्सरात, म्हणजे साठ नावांच्या चक्रातल्या वर्षाच्या नावात. क आणि ग म्हणतात 'विरोधी', ख म्हणतो 'विकारी'. शकाचा आकडा एकातही नाही. संवत्सर काढण्याची आपली रीत सोपी आहे: शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो क्रमांक. १६९१ ला बाकी २३, विरोधी. १७०१ ला बाकी ३३, विकारी. म्हणजे विरोधी धरला तर जानेवारी १७७०, विकारी धरला तर जानेवारी १७८०. मधल्या दहा वर्षांतच प्रतिपक्षाचा १६९६ बसतो.

पेशव्याच्या नावाने प्रश्न सुटत नव्हता. मजकुरात नुसते 'माधवराव पंडित प्रधान'. १७७० मध्ये थोरले माधवराव गादीवर होते, ते नोव्हेंबर १७७२ मध्ये वारले. १७८० मध्ये सवाई माधवराव पेशवे, वय पावणेसहा. शिक्का असता तर 'बल्लाळ' की 'नारायण' एवढ्यावर काम झाले असते. पण क मध्येही शिक्क्याच्या जागी हाताने काढलेले वर्तुळ होते आणि मजकूर संपल्याची खूण असलेले शेवटचे 'लेखनसीमा'सुद्धा त्याच बोरूने, त्याच शाईने लिहिलेले.

सुरुवात रसायनवाल्या सरांनी केली. त्यांनी आधीच क च्या घडीच्या कडेवरून सुईने मिलिमीटरभर तंतू उचलले होते. कागदावर थेंब टाकायचा नाही, उचललेल्या तंतूवरच टाकायचा, हा त्यांचा पहिला नियम, आणि तो मोडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. फ्लोरोग्लुसिनॉलचे अल्कोहोलमधले द्रावण आणि वर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल. मिनिटाभरात तंतू लालभडक.

"लिग्निन आहे. दळलेल्या लाकडाचा लगदा. हे तंत्र जर्मनीत १८४० च्या दशकात आले. १७७० चा कागद असा नसतो. खोटा आहे."

मी विचारले, "ताग लाल होत नाही का?"

होतो. आपल्याकडच्या हातकागदात चिंध्या, ताग, जुने दोर, गोणपाट असे काहीही पडायचे. तेव्हा नुसत्या लाल रंगावरून निकाल दिला तर जुना देशी कागदही फाशी जाईल. सरांनी ते लगेच मान्य केले आणि दुसरी चाचणी लावली: जस्त क्लोराइड आणि आयोडीनचे हर्झबर्ग द्रावण. चिंध्यांचे तंतू त्यात तांबडे होतात, रासायनिक लगदा निळसर, दळलेले लाकूड पिवळे. आपले पिवळे झाले. पण तागही पिवळाच होतो. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली चपट्या फितीसारखे तंतू दिसले आणि त्यांवर ओळीने गोल खळगे. ते सूचिपर्णी झाडाचे लाकूड. तागात किंवा चिंध्यांत असे काही नसते. मग मात्र बोलायला जागा उरली नाही.

शाईने काही सांगितले नाही. काजळी आणि डिंकाची शाई, अवरक्त प्रकाशात तितकीच काळी. ती शिवकाळातही तशीच आणि शंभर वर्षांपूर्वीही तशीच. कार्बन-१४ वरून वय काढण्याची सूचना दर वेळी कोणीतरी करतेच, या वेळी वकीलसाहेबांनी केली. सर म्हणाले, पैसे वाचवा. साधारण १६५० ते १९५० या काळात कार्बनच्या मोजमापाचे वर्षांत रूपांतर करणारी कॅलिब्रेशनची रेघ इतकी खालीवर होते, की एकाच नमुन्याला तीन शतकांत विखुरलेली उत्तरे येतात.

पण 'खोटा' या शब्दाला माझी हरकत होती. रसायनशास्त्र पानाचे वय सांगते, मजकुराचे नाही. क च्या लेखकाने शिक्क्याच्या जागी वर्तुळ काढले, म्हणजे 'इथे मुळात शिक्का आहे' एवढेच त्याने लिहिले. जो कागद शिक्का असल्याचा आवच आणत नाही, तो बनावट कसा? ती नक्कल आहे. तिला मूळ सनद म्हणण्याची चूक पुढच्या पिढ्यांची.

वकीलसाहेबांना मात्र हा फरक दिलासा देणारा वाटला नाही. पुरावा कायद्याचे कलम ९०, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ९२: कागद तीस वर्षांहून जुना असेल आणि योग्य ताब्यातून आला असेल, तर न्यायालय सही आणि हस्ताक्षर खरे मानू शकते. 'शकते', मानलेच पाहिजे असे नाही. मजकूर खरा आहे असे तर त्यातून मुळीच निघत नाही. आणि नकलेवरून मूळ कागद तयार झाल्याचे गृहीत धरता येत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने १९३५ मध्येच सांगून ठेवले आहे. इतिहासात नक्कल हे दुय्यम साधन, तरी साधनच. कोर्टात ती आधी दारातून आत यावी लागते.

"पण साहेब, तिन्ही कागद समानीनच म्हणतात. तिघांचे एकमत आहे," असे तेच पुढे म्हणाले. यावर इतका वेळ गप्प असलेल्या मॅडमनी तिन्ही लिप्यंतरे शेजारी शेजारी ठेवली आणि चतुःसीमेवर बोट ठेवले. पूर्वेस ओढा, पश्चिमेस पाटलाचे शेत, दक्षिणेस वाट. उत्तर दिशाच नाही. तिन्हींत नाही.

पाठचिकित्सेतला, म्हणजे प्रती ताडून मूळ मजकूर शोधण्याच्या शास्त्रातला, हा सगळ्यात कामाचा मुद्दा. दोन प्रतींत बरोबर मजकूर सारखा असला तर त्यावरून त्यांचे नाते ठरत नाही, बरोबर तर कोणीही लिहील. चूक सारखी असली तर नाते ठरते. तीन लेखकांनी वेगवेगळे बसून नेमकी उत्तरच गाळली असे होत नाही. म्हणजे तिन्ही प्रती एकाच, आधीच उत्तर गळलेल्या नकलेवरून उतरल्या. साक्षीदार तीन नाहीत, एक आहे. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी बाराशेहून अधिक हस्तलिखिते गोळा झाली, पण तिथेही पोथ्यांची मते मोजली गेली नाहीत.

मग प्रश्न उलटा झाला. कोणत्या मूळ पाठातून बाकीचे पाठ उद्भवू शकतात? मुळात 'सबैन' (७०, म्हणजे सन ११७०, जानेवारी १७७०) आणि 'विरोधी' असेल, तर एका नकलाकाराने सबैनचे समानीन वाचले. मोडीत आधी रेघ, मग तिला अक्षरे लटकवलेली, शब्दांत जागा नाही, दोन्ही शब्द स ने सुरू होऊन न ने संपणारे. 'विरोधी' तसाच राहिला, क आणि ग मध्ये आला. ख लिहिणारा जाणता होता. त्याला ११८० आणि विरोधी जुळत नाहीत हे कळले आणि त्याने संवत्सर 'सुधारला'. उलट मुळात समानीन आणि विकारी असते, तर क आणि ग मध्ये विसंगत 'विरोधी' का यावा? दोन्ही शब्द 'वि'ने सुरू होतात, तेव्हा नजरचूक अशक्य नाही. म्हणून मॅडम 'सिद्ध' म्हणाल्या नाहीत, 'अधिक संभाव्य' म्हणाल्या.

आता माझे काम. छापील जंत्री आणि गणित, दोन्ही काढले. शके १६९१ पौष शुद्ध १० येते ७ जानेवारी १७७०, रविवार. शके १७०१ ची येते १७ जानेवारी १७८०, सोमवार. तिथीच्या गणितात एखाद्या दिवसाचा फरक नवा नाही, त्यामुळे वाराने एकट्याने निकाल लागत नव्हता. महिन्याने लागला. चांद्र हिजरी वर्ष दरसाल सुमारे अकरा दिवस मागे सरकते, म्हणून पौषाची जोडी कोणत्या मुसलमानी महिन्याशी पडते हे वर्षागणिक बदलते. १७७० च्या पौषात रमजान. १७८० च्या पौषात मोहरम. तिन्ही कागद रमजान म्हणतात, आणि संवत्सर 'सुधारताना' ख च्या जाणत्या लेखकाला रमजान तपासायचे सुचले नाही.

आणखी एक बारकावा. कोष्टकाने मोजले तर त्या दिवशी रमजानची १० येते, कागदात ९ आहे. अमावास्या २८ डिसेंबरच्या सकाळी संपली. त्या संध्याकाळी चंद्रकोर दिसण्यासारखी नव्हती, २९ ला दिसली असणार. म्हणून ३० ला पहिला चंद्र आणि ७ जानेवारीला नववा. कोष्टक उघडून कागद बनवणाऱ्याने १० लिहिले असते. मला हा एका दिवसाचा फरक सगळ्यात बोलका वाटतो.

संख्याशास्त्रवाल्या बाईंनी इथे दोन ठिकाणी आम्हाला अडवले. समजा खऱ्या कागदांत दहापैकी आठ वेळा वार बरोबर येतो आणि एकेक वेळा एक दिवस पुढे-मागे. मग 'रविवार' हा पुरावा १७७० च्या बाजूने आठास एक. "पण तीन प्रतींत रविवार आहे म्हणून आठाला तीनदा गुणून पाचशे बारा करू नका. आत्ताच तुम्ही सांगितलंत, साक्षीदार एक आहे." दुसरे असे, की वार जुळणे हा १७७० विरुद्ध १७८० या प्रश्नाचा पुरावा. खरा विरुद्ध बनावट या प्रश्नात त्याचे वजन वेगळे. मनाला येईल तो वार लिहिणाऱ्याचाही सातांत एकदा जुळतो, जंत्री पाहून लिहिणाऱ्याचा दर वेळी जुळतो. आम्ही सकाळपासून हे दोन प्रश्न एकमेकांत कालवत होतो.

अहवाल लिहायला संध्याकाळ झाली. 'खोटा' खोडून 'एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील किंवा नंतरची नक्कल' केले. मजकुराचा काळ 'जानेवारी १७७०, प्रबळ संभाव्यता' असा, त्याची कारणे महिना, वार, संवत्सर, सन या उतरत्या वजनाने. पानाचे वय आणि मजकुराचे वय वेगवेगळ्या परिच्छेदांत. वकीलसाहेबांना 'प्रबळ संभाव्यता' चालली, दिवाणी दाव्यात तेवढी पुरते.

ते फाइल बांधता बांधता थांबले. "मॅडम, ती उत्तर दिशा कुठल्याच प्रतीत नाही म्हणालात ना? आमचं भांडण उत्तरेच्याच बांधाचं आहे हो."

सनद कधीची हे सहा तासांत ठरले होते. उत्तरेस काय होते, ते त्या हरवलेल्या पहिल्या नकलेतच किंवा तिच्याही आधी गळले होते. तेही वाक्य अहवालात घातले, पहिल्या पानावर.