डावी कड सापडेपर्यंत

शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी मला टाळी वाजवायला सांगितली. मी उजवा हात उचलला, हवेत दोनदा हलवला आणि "वाजवली" असे सांगितले. डावा हात चादरीवर निपचित पडलेला होता. "आवाज आला का?" असे त्यांनी विचारल्यावर मी म्हणालो, "आला की." एका हाताने टाळी वाजत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो, माझ्या लेखी मात्र त्या दिवशी ती वाजली होती. हा प्रसंग मला आठवत नाही. पत्नीने तो वहीत टिपून ठेवला होता आणि ती वही मी दीड वर्षाने वाचली.

तेव्हा मी ५२ वर्षांचा होतो आणि हिशेब तपासण्याचे काम करीत होतो. मेंदूच्या उजव्या भागाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीत गुठळी अडकली, म्हणजे स्ट्रोक (पक्षाघाताचा झटका) आला, आणि शरीराची डावी बाजू लुळी पडली. दुसऱ्या दिवशी मेंदूला सूज चढू लागली. कवटी ही बंद पेटी असल्यामुळे सुजलेल्या मेंदूला पसरायला जागा नसते आणि तो दाब खाली, श्वासोच्छ्वास सांभाळणाऱ्या भागापर्यंत पोचला की माणूस हाती लागत नाही. म्हणून कवटीच्या उजव्या बाजूचे, १२ सेंटिमीटरहून अधिक व्यासाचे हाड काढून ठेवण्यात आले. ही शस्त्रक्रिया झटक्यानंतर ४८ तासांच्या आत झाली तर प्राण वाचण्याची शक्यता बरीच वाढते. या शस्त्रक्रियेच्या युरोपातील तीन वैद्यकीय चाचण्यांचे २००७ साली एकत्रित प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मी पुढे वाचले. त्यांतील रुग्ण ६० वर्षांपर्यंतचे होते. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७८ टक्के वर्षानंतर जिवंत होते आणि न झालेल्यांपैकी २९ टक्के. मात्र रुग्ण किती सावरला हे ज्या ० ते ६ च्या पट्टीवर मोजले होते, तिचा भर मुख्यतः चालता येते का आणि स्वतःचे स्वतः करता येते का, यावर असतो. ओळ वाचून होईपर्यंत तिची सुरुवात ध्यानात राहते का, हे त्या पट्टीवर कुठे बसत नाही. माझ्या घरी पाठवण्याच्या कागदावरही "रुग्ण सावध असून त्यास स्थळकाळाचे भान आहे" एवढेच लिहिले होते. ते खोटे नव्हते, पण त्या एका ओळीच्या भरवशावर आम्ही घरी आलो आणि पुढचे सहा महिने नेमके काय बिघडले आहे हे कोणालाच कळेना.

चौथ्या महिन्यात हाड परत बसवले. तोवर डोक्याच्या उजव्या बाजूची त्वचा खोलगट झाली होती, बाहेर पडताना हेल्मेट घालावे लागे आणि उठून बसले की डोके जड होऊन बोलणे मंदावत असे. हाड बसवल्यानंतर काही आठवड्यांतच मी अधिक जागा झालो, असे घरचे सांगतात. उघड्या बाजूवर बाहेरच्या हवेचा दाब पडून आतला रक्तप्रवाह आणि मेंदूभोवतीच्या द्रवाचे वहन बिघडते व हाड परत बसवल्यावर काही रुग्णांत ते सुधारते, असे सर्जननी समजावले.

खरी गोष्ट वाचनापाशी उघड झाली. मुलीने वर्तमानपत्राचा मथळा मोठ्याने वाचायला सांगितला. त्यात 'अपयश' होते आणि मी 'यश' वाचले. पुढे कुठे 'अज्ञान' आले, ते 'ज्ञान' झाले. ती आधी हसली, मग गप्प झाली. तिने कागदावर ७,४५० हा आकडा लिहिला. मी ४५० म्हणालो, तेही एखाद्या तपासनीसाच्या ठामपणाने. चष्मा बदलून उपयोग नव्हता, कारण डोळ्यांना दिसत होते, डावीकडे लक्षच पोचत नव्हते. न्यूरोसायकॉलॉजिस्टने, म्हणजे मेंदूच्या इजेचा लक्ष, स्मृती, विचार यांवरचा परिणाम तपासणाऱ्या तज्ज्ञाने, घड्याळाचे चित्र काढायला सांगितले, तेव्हा मी वर्तुळ बरे काढले आणि १ ते १२ हे सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबले. डावा अर्धा कोरा राहिला आणि मला तो कागद अगदी बरोबर वाटला. ज्याला आपले काही हरवले आहे हेच माहीत नाही, तो शोधणार तरी काय? उजव्या मेंदूला मोठी इजा झालेल्यांमध्ये हे भान हरपणे बऱ्याचदा दिसते. त्यात हट्ट नसतो, तो दुखण्याचाच भाग असतो. पत्नीला हे कोणी वेळीच सांगितले असते तर आमची निम्मी भांडणे टळली असती.

रोजची कामे पुन्हा करायला शिकवणाऱ्या व्यवसायोपचार तज्ज्ञ बाईंनी पानाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली आणि नियम घातला की प्रत्येक ओळ संपली की बोट मागे न्यायचे, लाल दिसेपर्यंत थांबायचे नाही आणि लाल दिसल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही. रोज वीस मिनिटे. पहिले दोन महिने हा खेळ मला अपमानकारक वाटे. आठव्या महिन्याच्या सुमारास पट्टी न लावलेल्या कागदावरही बोट आपसूक मागे जाऊ लागले.

त्याच सुमारास मी खचलो. सगळ्यांना आश्चर्य वाटले, कारण चाचण्यांचे गुण वाढत होते. पण गुण वाढू लागले तसे काय गेले आहे तेही मला दिसू लागले, आणि जो माणूस सहा महिने "मला काही झालेले नाही" म्हणत होता तो रात्री भिंतीकडे तोंड करून पडू लागला. स्ट्रोकनंतर साधारण तीनांपैकी एकाला कधी ना कधी नैराश्य येते. त्यावर औषध मिळाले आणि ते मी वर्षभर घेतले. ते घेण्यात कमीपणा मानला नाही, हे माझ्या हातून झालेले एक शहाणपण.

वाचनापेक्षा चिवट निघाली ती कामाला हात घालण्याची अडचण. वही उघडी, पेन हातात, काय करायचे ते पाठ, आणि तरी मी तासभर तसाच बसलेला असे. बाहेरून हा शुद्ध आळस दिसतो. आधी पत्नी "आता हे करा, आता ते" असे सांगत असे, पण त्याने ती माझी पत्नी न राहता पहारेकरी झाली होती. मग प्रत्येक कामाच्या पायऱ्या कार्डावर लिहिल्या आणि मोबाइलवर दर अर्ध्या तासाला घंटा लावली. ती वाजली की एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: मी आत्ता काय करायला बसलो होतो? चौदाव्या महिन्यात कामावर परतण्याचा घाईने केलेला प्रयत्न तीन आठवड्यांत फसला. त्याला कारण आकडे नव्हते, थकवा होता. चाळीस मिनिटे लक्ष दिले की डोक्यातला दिवा विझावा तसे होई आणि झोप घेऊनही तो लवकर पेटत नसे. दोन माणसे एकाच वेळी बोलू लागली तर आजही मला दोघांचेही समजत नाही. मी तसे सांगून खोलीबाहेर जातो.

तिसऱ्या वर्षी अर्धा दिवस काम सुरू केले, तेही माझे प्रत्येक पान दुसऱ्याने तपासायचे या अटीवर. ती अट मीच घातली. आता चौथे वर्ष संपत आले आहे. गेल्या महिन्यात एका खात्याची बेरीज ९,००० ने जुळेना. पूर्वी मी आधी दुसऱ्याच्या चुका शोधल्या असत्या. या वेळी बोट थेट डाव्या कडेला गेले. बाराव्या ओळीत ९,३६० होते आणि मी ३६० धरले होते. शोधायला दीड तास लागला. जे काम शेजारचा सहकारी दहा मिनिटांत उरकतो, त्याला दीड तास. तरी मी आकडा दुरुस्त केला, बेरीज पुन्हा घातली, सही केली आणि पान त्याच्याकडे सरकवले. त्याने ते वरपासून खालपर्यंत पाहिले, बेरीज बरोबर असल्याची खूण केली, आणि काही न बोलता पानाच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवले. तिथे तारीख घालायची राहिली होती.