पसरणीने चढून आंबेनळीने उतरताना: एएमटी गाडीचं ॲव्हरेज

पुण्याहून वाई, पसरणी घाटाने महाबळेश्वर आणि तिथून आंबेनळी घाटाने खाली पोलादपूर, असा आमचा रस्ता होता. गाडी पेट्रोलवरची एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर स्वतःच सांभाळणारी ऑटोमॅटिक. 'ऑटोमॅटिक पेट्रोल पिते' असं सगळे म्हणतात. माझ्या मते गाडीपेक्षा उजवा पाय जास्त पितो, आणि घाटात ते लख्ख दिसतं.

हायवेचं थोडक्यात सांगते. ८०-९० चा वेग धरून चला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ११० ला पोहोचायची किंमत टाकीतून जाते. ओव्हरटेकसाठी पाय जोरात दाबला की गाडी गिअर खाली टाकते आणि इंजिन ओरडायला लागतं. त्यापेक्षा लांबूनच हळूहळू वेग वाढवा. वेग आला की पाय किंचित उचला. एएमटी वरचा गिअर घेते, झटकाही कमी बसतो.

खरा कस पसरणीत लागतो. डीवर (गिअर गाडीनेच निवडायचा) ठेवलं तर प्रत्येक वळणाला गाडी दुसरा की तिसरा यात घुटमळते. मी वाई सोडताच मॅन्युअल मोड (गिअर आपण निवडायचा) घेतला आणि चढावर बराच वेळ दुसऱ्या गिअरमध्येच राहिले. पुढे एसटी किंवा भरलेला ट्रक असेल तर अंतर सोडा. चढावर ॲक्सिलरेटरच्या आधाराने गाडी तोलून धरू नका. एएमटीत आत नेहमीचाच क्लच असतो, तो घासतो, तापतो, जळका वास येतो. थांबायचं तर ब्रेकवर पूर्ण थांबा, आणि निघताना गाडी मागे सरकत असेल तर हँडब्रेकची मदत घ्या.

आंबेनळीच्या उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे अजून भेटतात. कृपया करू नका. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला तर चाकंच इंजिन फिरवतात, आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) पुरेसा असेपर्यंत इंजेक्टर पेट्रोल बंद ठेवतात. शिवाय इंजिन गाडीला मागे धरतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, आणि लांब उतारावर तापलेले ब्रेक धरेनासे होतात. उतरतानाही मॅन्युअल मोड, तीव्र वळणांना दुसरा गिअर. सीव्हीटीवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या ऑटोमॅटिकमध्ये ठरावीक गिअर नसतात त्यांनी, गिअर लिव्हरवर एल, बी किंवा एस, जे असेल ते वापरावं.

ॲव्हरेज डिस्प्लेवरून ठरवू नका. निघताना नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, परतल्यावर त्याच पंपावर तशीच भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. टायरमधली हवा सकाळी, टायर गार असतानाच बघा. पावसाळ्यात आंबेनळीत दरडी कोसळून रस्ता बंद होतो, तेव्हा महाबळेश्वर सोडण्याआधी चौकशी करूनच खाली उतरा.