आमची वाटचाल : परत आलेला गुलाबी लॉट

चाळीस किलो निटेड सुती कापड, मंजिष्ठेच्या मुळांचा फिका गुलाबी रंग, त्यातून शिवलेली झबली आणि टोपडी. हा लॉट परत आला तेव्हा वनस्पतींच्या रंगांत बाळांचे कपडे करणारा आमचा कारखाना बंद पडायच्या बेतात होता. त्याआधीची आणि नंतरची वर्षं बरी गेली. बऱ्या वर्षांबद्दल काय लिहायचं? म्हणून या लॉटबद्दलच लिहितो.

हंड्यातून निघताना रंग एकसारखा होता, वाळल्यावरही छान दिसला. तिसऱ्या धुण्याला ढगाळ पट्टे उमटले. ओलं पांढरं फडकं घासलं की फडकं गुलाबी व्हायचं. तपासणीत ओल्या घर्षणाला पाचपैकी २ आले. बाळाचं झबलं दिवसभर लाळेने भिजलेलं असतं, बाळ त्याची बाही चोखतं. तिथे २ म्हणजे माल परत.

आधी आम्ही मंजिष्ठेला दोष दिला, मग तुरटीला, मग पाण्याला. दोष कापडात होता. ताक्यावर ‘रेडी फॉर डाइंग’ (थेट रंगवायला तयार) असा शिक्का होता आणि त्या शिक्क्यावर विसंबून आम्ही सोड्याची उकळी टाळली होती. थेंबाची परीक्षा तेवढी केली. पाण्याचा थेंब कापडावर सोडला की दोन-तीन सेकंदांत जिरला पाहिजे. तो जिरला. इथेच गफलत झाली. कापडाला पाणी शोषणारं सॉफ्टनर लावलेलं होतं. असं सॉफ्टनर असलं की थेंब झटकन जिरतो, पण रंगाला धरून ठेवणारे टॅनिन (हिरड्यासारख्या फळांतलं तुरट द्रव्य) आणि तुरटी तंतूत शिरत नाहीत, वरवर बसतात. त्यांच्यावर धरलेला रंगही वरवरचाच. उरलेल्या ताक्यातला एक तुकडा सोडा घालून तासभर उकळला. नीट धुतलेल्या पांढऱ्या कापडाचं पाणी स्वच्छ राहतं. याचं दुधाळ झालं आणि वर फेस आला.

तेव्हापासून शिक्का काहीही असो, प्रत्येक ताका उकळला जातो. एक किलो कोरड्या कापडाला तीस लिटर पाणी, तीस ग्रॅम धुण्याचा सोडा, थोडा सौम्य साबण, उकळीच्या जरा खाली दीड तास. कोऱ्या कापडाचं पाणी चहासारखं होतं. फारच गडद झालं तर दुसरी उकळी. पहिली खळबळ गरम पाण्यातच करायची. गरम कापड थेट गार पाण्यात टाकलं की सुटलेलं मेण पुन्हा तंतूंवर बसतं. आणि वजन कोरड्या कापडाचंच घ्यायचं. ओल्या कापडावर टक्केवारी काढणारे रंगारी आम्ही पाहिले आहेत. त्यांचा कुठलाच लॉट आधीच्या लॉटशी जुळत नाही आणि ते दोष पावसाला देतात.

याच काळात आमच्याच धंद्यातल्या एका मोठ्या कारखान्याने तसाच गुलाबी रंग बाजारात आणला, ‘१०० टक्के वनस्पतिजन्य’ म्हणून. प्रत्येक लॉट हुबेहूब सारखा, धुण्याला पक्का, आणि डिलिव्हरी आमच्या निम्म्या वेळात. आमचे दोन खरेदीदार तिकडे गेले. जाताना विचारून गेले, तुमचे दोन लॉट वेगळे का दिसतात? कारण मुळांचं वय वेगळं, पाण्यातला चुना वेगळा, हे उत्तर ऐकायला कुणी थांबलं नाही. त्या रंगात काय होतं याचा पुरावा आमच्याकडे नाही. एवढंच सांगतो की मंजिष्ठेच्या कापडावर लिंबाचा थेंब टाकला तर रंग सहसा नारिंगीकडे झुकतो आणि सोड्याच्या पाण्याने जांभळटपणाकडे जातो. त्या कापडावर दोन्ही थेंब नुसते वाळले.

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बाळंतविड्याचे कपडे विकणाऱ्या एक बाई. त्या टिकल्या. त्यांची तुकड्यांची वही आहे. प्रत्येक लॉटचा तळहाताएवढा तुकडा तीन भागांत कापायचा. एक भाग वहीत, दुसरा दर आठवड्याला घरच्या धुण्यात. तिसरा भाग अर्धा पुठ्ठ्याने झाकून उन्हाच्या खिडकीत. महिनाभराने पुठ्ठा काढला की झाकलेल्या आणि उघड्या भागांतला फरक समोर असतो. प्रयोगशाळेतली प्रकाशाची परीक्षा निळ्या लोकरीच्या पट्ट्यांशी १ ते ८ मोजतात. पण लॉट पाठवायचा की नाही, हे ठरवायला ही खिडकी पुरते. परत आलेल्या लॉटच्या वेळी बाईंनी ऑर्डर रद्द केली नाही. ‘उकळून पुन्हा द्या, मी थांबते,’ म्हणाल्या. त्यांच्या वहीतूनच कळलं की आमचा हळदीचा पिवळा उन्हात काही दिवसांत उडतो आणि अल्कधर्मी पावडरने तांबडा होतो. हळद आम्ही त्याच महिन्यात बंद केली. पिवळ्यासाठी डाळिंबाची साल, कापडाच्या वजनाच्या पाव.

गुलाबीची आमची आजची रीत अशी. उकळलेल्या कापडाला आधी टॅनिन. सूत हे सेल्युलोज. लोकर-रेशमाला तुरटी थेट धरते, तशी याला धरत नाही, टॅनिनमधून धरते. हिरडा स्वस्त आणि भरवशाचा, वजनाच्या १५ ते २० टक्के, पण त्याची पिवळसर छटा खाली राहते आणि गुलाबी विटकरी होतो. म्हणून फिक्या रंगाखाली मायफळ, ८ टक्के. पूड रात्रभर भिजवून गाळून घ्यायची, पन्नास अंशांच्या आसपास दीड तास कापड हलवत ठेवायचं. मग तुरटी १५ टक्के, वेगळ्या कोमट पाण्यात विरघळवलेली, आणि २ टक्के सोडा थोडाथोडा करून. एकदम घातला तर फेस हंड्याबाहेर येतो. या पाण्यात कापड रात्रभर. पिळून वाळवून एक दिवस मुरू द्यायचं आणि रंगाआधी खळबळून सैल तुरटी काढायची. ही शेवटची खळबळ टाळली की रंग हंड्यातल्या पाण्यातच तुरटीला धरतो, त्याची भुकटी कापडावर बसते आणि घासली की निघते.

मंजिष्ठेची पूड ४० टक्के, पोटलीत बांधून रात्रभर भिजवलेली. हंडा स्टेनलेस स्टीलचा. लोखंडाचा किंवा तांब्याचा नको. कापड गार पाण्यातच सोडायचं, तासाभरात ६५ अंशांवर न्यायचं, तिथे तासभर, मग त्याच पाण्यात निवू द्यायचं. उकळी फुटली की तपकिरी छटा आलीच. पाण्यातला चुना या रंगाला मानवतो, लोह नाही. बोअरवेलच्या पाण्यात लोह असेल तर गुलाबी मळकट होतो आणि मग कितीही मंजिष्ठा घाला, फरक पडत नाही. थर्मामीटर, पीएच पट्ट्या आणि एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, एवढं नसेल तर लहान मुलांच्या कपड्यांच्या वाटेला जाऊ नये.

निळीला तुरटी लागत नाही. एक भाग नीळ, दोन भाग विरलेला चुना, तीन भाग फ्रुक्टोज (फळांतली साखर). पाणी पिवळट-हिरवं झालं आणि वर तांब्यासारखी साय आली की तयार. गडद निळ्यासाठी दाट नीळ करून एकदाच बुडवणारे पुष्कळ आहेत. त्यांचा रंग बाळाच्या गालाला लागतो. पातळ नीळ, सात-आठ वेळा बुडवणं, दर वेळी हवेत पंधरा मिनिटं. शेवटी साबणाची उकळी आणि सौम्य व्हिनेगरचं पाणी, कारण चुना कापडात राहतो. बाळाच्या कपड्यांसाठी ओको-टेक्स स्टँडर्ड १०० या कापडाच्या सुरक्षिततेच्या प्रमाणपत्रात पीएच ४.० ते ७.५ आहे, आणि व्हिनेगरच्या पाण्यातून न काढलेलं निळीचं कापड त्यात बसत नाही.

राखाडीबद्दल लोक हट्ट धरतात. टॅनिनवर हिराकस (लोहाचा क्षार) घातला की सुंदर राखाडी येतो, पण हिराकस २ टक्क्यांपुढे गेला की हळूहळू सूत विरतं. लाळेऱ्यांना तर आम्ही राखाडी देतच नाही. आंबट फळाचा रस पडला की आम्ल लोह सोडवून नेतं आणि तिथे पिवळट डाग उरतो. लोहामुळेच टिचबटणंही तपासून घ्या. आतली कडी लोखंडाची असली तर गंजते आणि टॅनिनच्या कापडावर प्रत्येक बटणाभोवती काळं कडं उमटतं. शिवल्यावर रंगवणार असाल तर दोराही सुतीच हवा. पॉलिएस्टरचा दोरा पांढराच राहतो आणि शिवण ओरडते. ‘केमिकल नाही’ असं लेबलवर लिहू नका. तुरटी केमिकलच आहे. क्रोम आणि कथील वापरत नाही, असं लिहा आणि खरंच वापरू नका.

तो चाळीस किलोंचा लॉट उसवला, दोनदा उकळला आणि काताच्या तपकिरीत पुन्हा रंगवला. बाईंनी तो सगळा उचलला. आता प्रत्येक कपड्यावर लॉट नंबर असतो, आणि झबलं-टोपडं एकाच लॉटचं घ्या, अशी सूचना. गेलेल्या दोन खरेदीदारांपैकी एक परत आला; त्याने पहिला प्रश्न पुन्हा तोच विचारला, दोन लॉट वेगळे का?

जुन्या गुलाबीचा एक तुकडा न उकळता ठेवला आहे, हंड्याजवळच्या खिळ्याला. नवीन माणूस कामाला आला की त्याला ओलं फडकं देऊन तो घासायला सांगतो. फडकं अजून गुलाबी होतं.