बाबा, हे उघडतं का?

वायफाय गेलं की आमच्या घरात देवाच्या आधी माझं नाव घेतलं जातं. भक्तिभावाने नव्हे. "तू काल काही केलंस का रे त्याला?" असा थेट आरोपच असतो. गॅजेटवेडा नवरा घरात असला की वस्तू आपोआप बिघडली यावर कुणाचा विश्वास बसत नाही. कंपनीची केबल तुटलेली असो, नाहीतर अख्ख्या भागाची वीज गेलेली असो, संशयित मीच.

चालती वस्तू नुसती चालू देणं आमच्या जातकुळीतल्या माणसांना जमत नाही, हेही खरं. स्वयंपाकघरात उभं राहून बोलताना बायकोचे व्हिडिओ कॉल अडकायचे. तिच्या मते नेट भिकार, माझ्या मते मायक्रोवेव्ह. वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा आणि मायक्रोवेव्हही साधारण तिथेच, २.४५ वर चालतो. त्याच्या दाराच्या फटीतून जी किरकोळ गळती होते ती माणसाला बाधत नाही, पण सिग्नलवर कुरघोडी करायला पुरते. तिचा फोन ५ गिगाहर्ट्झवर टाकला आणि अडकणं थांबलं. एवढ्या मोठ्या शोधाचं कौतुक किती? "मग आधीच का नाही टाकलास?" बस.

मोठ्यांकडून कौतुकाची अपेक्षा सोडली की मुलं उरतात. ती अजून कौतुकाने बघतात, आणि त्याहून वाईट म्हणजे प्रश्न विचारतात.

थोरलीचा भागाकार नुकताच पक्का झाला होता, त्यामुळे दिसेल त्याला ती भागत सुटली होती. तेवढ्यात घरात नवी पॉवर बँक आली. खोक्यावर ठसठशीत २०,००० एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. तिने माझ्या फोनची बॅटरी विचारली. मी म्हटलं, ५,०००. "म्हणजे चारदा चार्ज होणार," तिने निकाल देऊन टाकला. प्रत्यक्षात तिसऱ्यांदा फोन भरता भरता पॉवर बँकेने मान टाकली. झालं! "बाबा, त्यांनी आपल्याला फसवलं?"

आता याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, आणि मुलांना तर एकाच शब्दात हवं असतं. कागद-पेन घेऊन बसलो. खोक्यावरचे २०,००० हे आतल्या सेलचे, आणि सेल असतो ३.७ व्होल्टचा. २०,००० मिली म्हणजे २० अँपिअर-अवर, त्याला ३.७ ने गुणलं की आत साठवलेली ऊर्जा ७४ वॉट-अवर. यूएसबीतून बाहेर पडताना ती ५ व्होल्टवर चढवावी लागते. ७४ ला ५ ने भागलं की १४.८ अँपिअर-अवर, म्हणजे २० हजारांचे तिथेच पावणेपंधरा हजार झाले. त्यात व्होल्टेज चढवताना काही ऊर्जा उष्णता होऊन उडून जाते. वापरताना पॉवर बँक कोमट लागते ती त्यामुळेच. थोडी फोनच्या आत शिरताना जाते. हातात उरतात जेमतेम तीन चार्जिंग, तीही चार्जर आणि फोन दोघांची मर्जी असली तर. मग आम्ही पॉवर बँक उलटी केली. भिंग लावून वाचावं लागेल अशा अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' म्हणून खरा आकडा तिथे छापलेला होताच.

"मग हाच आकडा पुढे मोठ्ठा का नाही लिहीत?"

मी म्हटलं, विमानवाल्यांना विचार. ते एमएएच ऐकूनच घेत नाहीत, त्यांना वॉट-अवर लागतात. १०० पर्यंतची पॉवर बँक विशेष परवानगीशिवाय हँडबॅगेत चालते. बाजारात २७,००० एमएएचच्या पॉवर बँका दिसतात त्या याच हिशेबाने, २७ ला ३.७ ने गुणलं की ९९.९. जबाबदारी ज्याच्या गळ्यात पडणार असते तो बरोबर एककात बोलतो. विकणारा मोठा दिसणाऱ्या एककात बोलतो. हे वाक्य तिने फारच मनावर घेतलं. पुढे १२८ जीबीचा पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावल्यावर विंडोजने ११९ दाखवले, तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, त्यामुळे इथे चोरी कुणाचीच नाही, हे मी परोपरीने सांगितलं. "पण बाबा, प्रत्येक वेळी कमी आपल्यालाच कसं पडतं?" यावर माझ्याकडे सूत्र नाही.

धाकट्याचं प्रकरण निराळं. तो आकडे मोजत नाही, तोंडात घालतो. तो रांगायला लागला तेव्हा मी घरभर फिरून बटण सेल शोधले आणि थक्क झालो. वजनकाटा, गाडीची चावी, लहान रिमोट, थर्मामीटर, शोभेची एलईडी मेणबत्ती, एक गाणारं शुभेच्छापत्र. बहुतेकांत तोच, सीआर२०३२. नावातच त्याचं माप आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. नेमका बाळाच्या अन्ननलिकेत अडकून बसेल असा. तिथल्या ओलाव्याने सर्किट पूर्ण होतं, सेलच्या एका बाजूला जहाल अल्कली तयार होते आणि दोन तासांतसुद्धा अन्ननलिका गंभीर भाजू शकते. रिमोट चालवायला निकामी ठरलेल्या सेलमध्येही हे करण्याइतकी ताकद शिल्लक असते. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी सरळ हॉस्पिटल गाठायचं, उलटी काढायच्या भानगडीत पडायचं नाही. गॅजेटांबद्दल माझी बाकीची बडबड कुणी ऐकली नाही तरी चालेल, एवढं ऐकावं.

काही कंपन्यांनी यावर चांगला उपाय काढला. सेलला कडू लेप द्यायचा, म्हणजे पोर थुंकून टाकेल. मी हौसेने तसले सेल आणले, वस्तूंमध्ये घातले आणि त्यातली एक मुकी झाली. सेल नवा, बसवलेला नीट, तरी बंद. बराच वेळ डोकं खाजवल्यावर उमगलं की तो लेप जिथे पिनेने टेकायचं नेमका तिथे आहे आणि वीजच जाऊ देत नाही. कापडाने पुसला, वस्तू बोलू लागली. म्हणजे मुलाच्या सुरक्षेसाठी वेगळा सेल घ्यायचा आणि वस्तू चालावी म्हणून त्यातली थोडी सुरक्षा पुसून काढायची.

त्या मोहिमेत एक गोष्ट माझ्या चांगलीच लक्षात आली. मुलांच्या खेळण्यांत सेलच्या झाकणाला स्क्रू असतो. मोठ्यांच्या रिमोटचं झाकण मात्र नखाने सरकतं, जणू घरातल्या मुलाला कुठला रिमोट आपला आणि कुठला मोठ्यांचा हे कुणी समजावून सांगितलंय. आणि ज्या वस्तू उघडायला हव्यात, म्हणजे फोन, इयरबड, ब्लूटूथ स्पीकर, त्या डिंक लावून कायमच्या चिकटवलेल्या. जे उघडू नये ते नखाने उघडतं आणि जे उघडावं ते गरम हवेच्या झोतालाही दाद देत नाही.

माझा कंपन्यांवरचा खरा राग हा आहे. वस्तू बिघडते म्हणून मी रागावत नाही, बिघडलेल्या वस्तूसारखी करमणूक नाही. ती उघडत नाही म्हणून रागावतो. घरात मुलं असताना तर जास्तच. स्क्रीनपासून मुलांना दूर ठेवा, असं जो तो सांगतो. बरोबर आहे. पण स्क्रीनच्या मागे काय आहे ते दाखवलं तर मुलं स्क्रीन विसरतात, हा माझा अनुभव. टीव्हीचा रिमोट फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं की त्याच्या टोकाला जांभळट ठिणगी लुकलुकताना दिसते. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड तो. बऱ्याच फोनांच्या मागच्या कॅमेऱ्यात तो अडवणारी गाळणी चांगली असते, म्हणून तिथे दिसत नाही आणि पुढच्यात दिसतो. थोरलीने हे पाहिलं त्या संध्याकाळी टीव्ही लागलाच नाही. दोघं मिळून घरातले रिमोट तपासत बसली. एक मेलेला सापडला, त्यावर धाकट्याचा कायमचा हक्क प्रस्थापित झाला. आतला सेल मी काढून घेतला हे सांगायला नकोच.

याचे तोटे आहेत. मुलांना आतलं दिसू लागलं की त्यांना तुमचंही आतलं दिसतं. टॅबवर मी रोजची वेळमर्यादा लावली होती, वेळ संपली की पडदा बंद. काही दिवस सगळं आलबेल होतं. जरा जास्तच. एकदा टॅबवरची तारीख बघितली तर तो आमच्या पुढे, उद्यात पोहोचलेला. थोरलीने घड्याळ पुढे सरकवून रोज नवा दिवस उजाडवायची युक्ती शोधली होती. बाप म्हणून कपाळाला आठ्या घातल्या, पण आतून पाठ थोपटावीशी वाटत होती, आणि हे दोन्ही भाव एकाच चेहऱ्यावर मावत नाहीत. बायकोने ते पाहिलं. "हसू नकोस," ती म्हणाली, "रागाव आधी." रागावलो. मग तारीख-वेळ बदलायला पासवर्ड लावला. आता ती पासवर्ड टाकताना माझ्या बोटांकडे बघत असते.

आणि मग कस्टमर केअर. त्याशिवाय या संसाराला पूर्णत्व नाही. माझ्या इयरबडांपैकी डावा मध्येच दम सोडू लागला. आवाज उत्तम, माइक उत्तम, फक्त बॅटरी म्हातारी. लिथियम-आयन बॅटरीचं हे होणारच. काही शे वेळा भरून रिकामी झाली की तिची साठवण कमी होत जाते, आणि इयरबडमधली तर चिमुकलीच. बदलली की काम झालं. फोन लावला. भाषा निवडली, एक दाबलं, चार दाबलं, नोंदणीकृत नंबर दिला, संगीत ऐकलं, माझा कॉल त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे तेही पुन्हा पुन्हा ऐकलं. अखेर एक मुलगा बोलला.

"सर, एकदा बंद करून चालू करून पाहिलंत का?"

"बॅटरी म्हातारी झालीय हो. बंद करून तरुण कशी होईल?"

"बरोबर आहे, सर. तरी एकदा रीसेट करूया का?"

केला. त्या बिचाऱ्याचा दोष नाही, समोरच्या कागदावर जे लिहिलंय तेवढंच तो बोलू शकतो. मग मुद्द्याचं: बॅटरी बदलून मिळत नाही, डावा एकटा मिळत नाही, वॉरंटी संपलीय, नव्या जोडीवर सवलत देऊ शकतो. फोन ठेवला तोच मेसेज आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया पाच तारे द्या. शेजारी बसलेल्या थोरलीने सगळं ऐकलं होतं. "सोडवली कुठे? त्यांनी तर सोडून दिली," ती म्हणाली.

डावा इयरबड आम्ही दोघांनी मिळून उघडला. उघडला म्हणजे फोडलाच, दुसरा रस्ता ठेवलेला नव्हता. आत चकतीएवढी बॅटरी, केसासारख्या तारा आणि भरपूर डिंक. लिथियमची बॅटरी टोचली-दाबली तर पेट घेऊ शकते, म्हणून तिला हात न लावता नुसतं बघितलं आणि सगळं ई-कचऱ्याच्या डब्यासाठी बाजूला ठेवलं. युरोपीय संघाच्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून अशा वस्तूंमधली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता यायला हवी, काही अपवाद सोडून. हे मी थोरलीला सांगितल्यावर तिने विचारलं, मग आता कशी बनवतात ती माणसं, त्यांना तेव्हा अचानक सुचेल का? मला वाटतं त्यांना आत्ताही सुचतं.

तेव्हापासून तिला नवी वस्तू दाखवली की रंग नको, मेगापिक्सेल नको, पहिला प्रश्न ठरलेला: "बाबा, हे उघडतं का?" मध्यंतरी स्पीकर घ्यायला गेलो तेव्हा तिने तो माझ्याऐवजी विक्रेत्यालाच विचारला. तो सराईत होता. वॉटरप्रूफ आहे म्हणाला, बेस दणदणीत आहे म्हणाला. ती स्पीकर उलटा करून तळाचं रबर नखाने उचकटून बघत राहिली. आत स्क्रू दिसले. चार. साध्या फुलीचे.

"हाच घेऊया," ती म्हणाली.

विक्रेता खूश झाला आणि वाढीव वॉरंटीचा कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं, वस्तू उघडल्यास वॉरंटी रद्द. थोरलीने ते मोठ्याने वाचून दाखवलं, कागद त्याच्याकडे परत सरकवला आणि मला म्हणाली, "बाबा, हे नको. घरी आपल्याकडे स्क्रूड्रायव्हर आहे."