रेशनचं धान्य नेमकं कुठे अडतं

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 चा. हिशेब सरळ आहे: प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो, अंत्योदय कार्डाला (सर्वांत गरीब घरांचं कार्ड) घरटी 35 किलो, आणि जानेवारी 2023 पासून तेही मोफत. तरीही रिकाम्या पिशव्या घेऊन परतणारी माणसं दिसतात, तेव्हा संताप येतो.

पहिली अडवणूक दुकानाच्या आधीच होते. महाराष्ट्राचा इष्टांक, म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचं याची ठरलेली मर्यादा, सुमारे 7 कोटी लोकांचा आणि तो 2011 च्या जनगणनेवर बांधलेला. 2021 ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे नव्या सुनेचं, बाळाचं नाव कार्डावर चढतं, पण धान्य वाढत नाही. पुरवठा शाखेत सांगतात, 'इष्टांक शिल्लक नाही'. कार्डावर नाव असणं वेगळं आणि त्या नावावर धान्य मंजूर असणं वेगळं. 'मेरा राशन' अॅपवर घरातली किती नावं धरली आहेत, ते आधी बघा.

दुसरी अडवणूक अंगठ्याची. वीटभट्टीवर, ऊसतोडीला, धुण्याभांड्यांना जाणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात. दुकानातलं ई-पॉस मशीन (आधारशी अंगठा जुळवणारं) अंगठा घेत नाही आणि दुकानदार म्हणतो, 'पुढच्या महिन्यात या'. हे चूक आहे. आधार जुळलं नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला परत पाठवू नका, असं केंद्राने 2017 मध्येच राज्यांना कळवलंय. आधी दुसरी बोटं लावून बघा. कार्डावर नाव असलेल्या घरातल्या कुणाचाही अंगठा चालतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तेही जमलं नाही, तर कार्ड आणि ओळखपत्र दाखवून नोंदवहीत नोंद करून धान्य मागा.

'आज अंगठा द्या, धान्य परवा न्या' हे मात्र कधीच मान्य करू नका. अंगठा लागला की मशीनमध्ये धान्य दिल्याची नोंद होते. मग तक्रार केलीत तरी कागद दुकानदाराच्या बाजूने बोलतो. पोती दुकानात आलेली दिसल्यावरच अंगठा लावा, पावती तिथेच घ्या आणि त्यावरचे किलो काट्याशी ताडून बघा.

धान्य मिळालंच नाही, तर याच कायद्याच्या कलम 8 प्रमाणे राज्याने अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा असतो. हमीभावाच्या सव्वापट रकमेतून कायद्यातला दर वजा करायचा, गव्हासाठी तो मूळ कायद्यात किलोला 2 रुपये. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 2425 धरला आणि हे 2 रुपये वजा केले, तर किलोमागे सुमारे 28 रुपये 30 पैसे होतात. 8 किलो गहू बुडाला, तर साधारण 226 रुपये.

खोच अशी की ज्याने त्या महिन्यात धान्य मागितलंच नाही, त्याला भत्ता नाही. दुकानात तोंडी विचारून परत आलेल्या बाईकडे मागितल्याचा पुरावा कुठून येणार? म्हणून महिना संपायच्या आत तहसीलच्या पुरवठा शाखेत साधा अर्ज द्या: कार्डाचा बारा अंकी नंबर, दुकान क्रमांक, गेलात ती तारीख, काय उत्तर मिळालं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तिथे दाद लागली नाही, तर त्याच पोचेची झेरॉक्स जोडून जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार आणि त्यानंतर राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येतं.