गोरेवाड्याचं अस्वल

वाघ दिसला, पण भाव खाऊन गेलं ते अस्वल!

नागपुरात काटोल रोडवरचं गोरेवाडा प्राणिसंग्रहालय 26 जानेवारी 2021 ला सुरू झालं. इथं पिंजऱ्यात आपण बसायचं, म्हणजे जाळीच्या बसमध्ये, अन् जनावरं मोकळी. पोट्ट्यांना हीच उलटापालट भारी आवडली. वाघ, बिबट, अस्वल आणि नीलगाय-चितळांची आवारं वेगवेगळी. प्रत्येकाचं फाटक उघडून बस आत जाते.

वाघ पाण्यात बसून होता. नागपूरच्या उन्हात दुसरं करणार काय बिचारा! मोबाईल मात्र सगळ्यांचे त्याच्याकडेच वळलेले.

अस्वल अगदी रस्त्याला लागून माती उकरत होतं. नखं केवढी लांब, फिकट पांढरी. खालचा ओठ पुढे काढून फुर्रफुर्र असा मोठा आवाज. धाकटीनं विचारलं, "बाबा, हे नाक शिंकरतंय का?" मी सांगितलं की त्याला वरचे मधले दोन दात नसतातच, त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, अन् माती जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटतं. झालं! उरलेला सगळा रस्ता दोघंही ओठ पुढे काढून फुर्रफुर्र. शेजारच्या मावशींनी जागा बदलली.

बायकोला चितळं आवडली. मला विचाराल तर चितळं पेंचच्या जंगलातही ढिगानं दिसतात. अस्वल एवढ्या जवळून कुठे दिसतं?

घरी संध्याकाळी वरण-भातही तसाच ओढून खाणं चाललं होतं. आईनं दोघांनाही चांगलं दटावलं, मलाही.