डाव्या हाताचं काय?

बेळगावच्या वडगावात आमच्या भिंतीला भिंत लावून चार माग चालतात. सकाळी खटखट सुरू झाली की रात्रीच्या जेवणापर्यंत. मध्ये थांबते ती फक्त करंट गेल्यावर. लहानपणापासून हा आवाज इतका अंगवळणी पडला होता की मला तो ऐकूच यायचा नाही. ऐकू आला तो पहिल्यांदा फोनवर पेटी रेकॉर्ड केली तेव्हा. माग पुढे आणि अभंगाची चाल कुठंतरी मागे, शेजारच्या गल्लीत वाजत असल्यासारखी.

मी उद्यमबागमधल्या एका फाउंड्रीत हिशेब बघते आणि संध्याकाळी महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. चाली सुचतात, त्या धरून ठेवाव्यात, खाली काही सूर भरावेत, मैत्रिणीच्या छोट्या फिल्मला संगीत द्यावं, एवढीच हौस. माळ्यावरची आठ बाय नऊची खोली, जिथं आबा पूर्वी कांड्यांची पोती ठेवायचे, ती रिकामी केली. पण माइक लावला की माग आत येणारच. गाद्या लावून झाल्या, अंड्यांचे ट्रे लावून झाले (त्यानं काही होत नाही, उगाच पाली होतात). शेवटी ठरवलं की ज्याचा आवाज हवेतून न येता वायरीतून सरळ कॉम्प्युटरमध्ये जाईल असंच वाद्य घ्यायचं. भिशीचे पस्तीस हजार हातात येणार होते.

त्याआधी एक चूक करून बसले होते, ती सांगून टाकते. दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरात एकाकडून सात हजाराला जुना कीबोर्ड आणला. त्यानं डेमोचं बटण दाबलं, कीबोर्ड आपला आपणच झकास वाजला, मी खूश. घरी आल्यावर कळलं की मधल्या सप्तकातला एक ग कितीही हळू दाबला तरी ओरडतो आणि वरचा एक ध दहादा दाबला तर तीनदा बोलतो. उघडून बघितला. अशा कीबोर्डात प्रत्येक पट्टीखाली रबराचे दोन संपर्क असतात, एक आधी टेकतो, दुसरा जरा नंतर. दोघांमधला वेळ मोजून यंत्र ठरवतं की तुम्ही जोरात वाजवलंत की हळू. मध्ये धूळ बसली की ते गणित चुकतं. वडगावात धूळ म्हणजे सुताची तूस, ती कुठंही शिरते. स्पिरिटनं पुसून ग सुधारला, ध नाही सुधारला. म्हणून आता कुणी सेकंड हँड घ्यायला निघालं की मी एकच सांगते. डेमो ऐकू नका. डावीकडच्या टोकापासून एकेक पट्टी अगदी हळू दाबत शेवटापर्यंत जा, मग तेच जोरात. विकणारा कंटाळला तर कंटाळू दे.

तर पस्तीस हजार. सल्ले भरपूर मिळाले. ऑर्केस्ट्रात वाजवणारा मामेभाऊ म्हणाला, डोळे झाकून रोलँडचा एक्सपीएस-१० घे, सगळे तोच वापरतात. खरं आहे, लग्नाच्या स्टेजवर अर्ध्या वेळा तोच दिसतो: एकसष्ट पट्ट्या, हलका, आपल्याकडच्या वाद्यांचे आवाज आतच. क्लासवाल्या बाईंनी यामाहाचा पीएसआर-आय५०० सुचवला. तो भारतासाठीच काढलेला, तबला आणि तानपुरा लावून रियाझ करता येतो. ऑफिसातल्या पोरानं दोघांनाही वेड्यात काढलं. म्हणे, ताई, आठ हजाराचा मिडी कंट्रोलर घ्या, आवाज सगळे कॉम्प्युटरमधून, फुकटात.

हे मिडी प्रकरण आबांना समजावताना मला स्वतःलाच नीट समजलं. मिडी १९८३ साली आला, वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून. त्या वायरीतून आवाज जात नाही. कुठली पट्टी, किती जोरात, कधी सोडली, एवढाच निरोप जातो. आबा म्हणाले, "म्हंजे जकार्डाचे पत्ते." अगदी बरोबर. भोकं पाडलेले पत्ते म्हणजे कापड नव्हे; कुठला धागा उचलायचा ते पत्ता सांगतो, कापड माग विणतो. कंट्रोलर म्हणजे नुसते पत्ते. माग तुमच्याकडे चांगला पाहिजे.

माझा माग, म्हणजे लॅपटॉप, भावाचा जुना. पोराकडून कंट्रोलर चार दिवस मागून आणला. लॅपटॉपला आवाज तयार करायला थोडा अवधी द्यावा लागतो, त्याला बफर म्हणतात. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने धरले तर १२८ चा बफर म्हणजे जेमतेम तीन मिलिसेकंद, ते कळतही नाही. पण १२८ वर माझा लॅपटॉप पापड भाजल्यासारखा तडतडायचा. १०२४ वर गप्प झाला. १०२४ म्हणजे तेवीस मिलिसेकंद, आणि बाकीचा उशीर वेगळाच. विलंबित चालीत चालून जातं. द्रुत गजरात मात्र बोट पुढं आणि सूर मागून धावत येतोय. चांगला लॅपटॉप असेल तर त्या पोराचा सल्ला सगळ्यात शहाणपणाचा, हे मी आजही म्हणते. माझ्याकडे नव्हता.

मग एका रविवारी आबांना घेऊन हुबळीला गेले. आमच्या गावात वाद्यांची दुकानं आहेत, पेटी-तबला हवा तसा मिळतो, पण वेगवेगळे सिंथ (विजेवर आवाज घडवणारे सिंथेसायझर) बाजूबाजूला ठेवून वाजवून बघायचे तर हुबळी नाहीतर पुणं. बसनं दोन-अडीच तास. दुकानदार भला माणूस. "बारिसि नोड्री मेडम," (वाजवून बघा मॅडम) म्हणाला आणि चहा सांगायला गेला.

पहिल्या दहा मिनिटांत माझी लाजच निघाली. वीस वर्षं पेटी वाजवलेला माझा हात एक्सपीएसवर पियानोचा आवाज लावून बसला आणि एक सूर मोठा, एक बारीक, एक गायब असं काहीतरी वाजायला लागलं. कारण साधं आहे. पेटीची पट्टी कशीही दाबा, सूर तितकाच निघतो, लहानमोठेपणा सगळा भात्यात. माझ्या उजव्या हातानं जोर सांभाळायची सवयच कधी लावून घेतली नव्हती. ते काम आयुष्यभर डाव्यानं केलं.

आबा मागं स्टुलावर बसून बघत होते. बराच वेळानं म्हणाले, "ह्येला भाता कुठं हाय गे?"

"नसतोय आबा. करंटवर चालतंय."

"मग डावा हात काय करायचा? नुसता मांडीवर ठेवून बसायचं?"

खरं सांगते, पाचशे-आठशे आवाजांच्या याद्या, रिव्ह्यू, व्हिडिओ, सगळं महिनाभर बघून मला जो प्रश्न पडला नव्हता तो हा. दोन हातांनी कॉर्ड, म्हणजे एकदम तीन-चार सूर, धरायचे तर मागं पियानोची परंपरा हवी होती, आणि माझ्यामागं परंपरा पेटीची. बेळगाव म्हणजे पेटीचं गाव; पंडित रामभाऊ विजापुरे इथंच राहिले, इथंच त्यांनी पिढ्या शिकवल्या. या गावातल्या कुठल्याही पेटीवाल्याचा डावा हात मोकळा सोडला तर तो हवेतच हलायला लागेल. मग यादी बाजूला ठेवली आणि दुकानातल्या प्रत्येक यंत्रापुढं बसून एवढंच बघितलं: डाव्या हाताला इथं काय सापडतं?

ऑर्केस्ट्रा पद्धतीच्या कीबोर्डांवर तालाची बटणं सापडली. आर्टुरियाचा मायक्रोफ्रीक होता, त्यावर खटके भरपूर, पण पट्ट्या म्हणजे सपाट तांब्याच्या रंगाची पाटी, बोट दबतच नाही. आबांनी हात लावला आणि शेगडीवरून उचलावा तसा उचलला. मग कोपऱ्यात कोर्गचा मिनीलॉग. सदतीस पट्ट्या, म्हणजे तीन सप्तकं आणि वर एक सूर, जवळजवळ आमच्या पेटीएवढंच. बहुतेक कामांना वेगळा खटका, आत शिरून मेनू शोधणं फार कमी. आणि डावीकडे वर एक छोटी तिरपी दांडी. सोडली की आपोआप मध्यावर येते. ती कशाला जोडायची ते आपण ठरवायचं.

मी ती फिल्टरच्या कटऑफला जोडली. फिल्टर म्हणजे आवाजातला झगझगीतपणा कापणारी चाळणी, आणि कटऑफ म्हणजे ती कुठून कापायची ते. दांडी खाली घेतली की सूर गोधडीत गुंडाळल्यासारखा, वर नेली की उघडा. लांब सूर धरून डाव्या हातानं दांडी हळूहळू वर, मग खाली, मग वर.

आबा स्टुलावरून उठून जवळ आले. काही बोलले नाहीत. त्यांनी माझा हात बाजूला करून आपला ठेवला.

दुसरी गोष्ट मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. पेटीवर दोन सुरांच्या मधली जागा नसते. १९४० साली आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं, त्यामागच्या आक्षेपांत हाही एक होता. मिनीलॉगला मोनो मोड आहे, म्हणजे एका वेळी एकच सूर, आणि मेनूत जाऊन पोर्टामेंटो थोडा लावला की पहिला सूर घसरत दुसऱ्यावर जातो. गवयाच्या मींडीसारखं ते नाही. सगळ्या मींडी एकाच मापाच्या शिवलेल्या वाटतात. तरी पहिल्यांदा रे वरून ग वर असं घसरत गेले तेव्हा पेटीवाल्या बोटांना चोरी केल्यासारखं वाटलं.

नवा बजेटच्या बाहेर होता. दीड महिना थांबले, मग पणजीच्या एका वादकाचा वापरलेला छत्तीस हजाराला मिळाला. चोर्ल्याच्या घाटातून जाऊन आणला. एकेक पट्टी हळू, मग जोरात. तो मुलगा हसत होता, पण त्यानं थांबू दिलं. गल्लीतल्या एका काकांनी खोक्यावरचं नाव वाचून विचारलं, "कोर्ग म्हंजे आमच्या कोरगावकरांचं काय?" नाही काका, जपानी आहे.

आता त्याच्या खोडी, कारण विकणारे त्या सांगत नाहीत. फक्त चार सूर एका वेळी. पाचवा लावला की आधीचा एक गळतो. तबला नाही, तानपुरा नाही, पेटीचा आवाज तर नाहीच. देवळातल्या भजनाला नेला तर लोक उठून जातील. स्वतःचा स्पीकर नाही. पट्ट्या पेटीपेक्षा अरुंद, पहिले आठ दिवस बोट शेजारच्या पट्टीवर जायचं. मुख्य आउटपुट मोनो, म्हणजे एकच वायर. त्यामुळं मामेभावाच्या पडून राहिलेल्या इंटरफेसवर (वायर लॅपटॉपला जोडणाऱ्या खोक्यावर) माझं भागलं. अॅडॅप्टर नऊ व्होल्टचा, आणि पिनेत प्लस आत की बाहेर हे न बघता दुसरा कुठलाही खुपसायचा नाही. आतले ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारे भाग, अॅनालॉग आहेत, थंडीत सुरू केल्या केल्या सूर जरा इकडेतिकडे असतात, गरम झाल्यावर जाग्यावर येतात. आबांना यात काहीच वावगं वाटलं नाही. पावसाळ्यात पेटीच्या सुरांचं काय होतं ते त्यांना माहीत आहे, आणि इथला पावसाळा तुम्हालाही माहीत आहे.

ज्याला लग्नात वाजवायचंय त्यानं मामेभावाचं ऐकावं. ज्याचं पोर नुकतंच सा रे ग शिकतंय त्यानं क्लासवाल्या बाईंचं. माझ्या छत्तीस हजारांत मला मुळात एक दांडी मिळाली.

एकच गंमत राहिली. परवा रात्री सगळं जुळवून बसले आणि करंट गेला. माग थांबले, वडगावात इतकी शांतता की कुठंतरी नळ गळतोय ते ऐकू आलं. रेकॉर्डिंगला याहून चांगली वेळ नाही, आणि सिंथ बंद. खालून आबांनी पेटी ओढल्याचा आवाज आला. फोन हातात होताच, तो जिन्यात ठेवून दिला. अकरा मिनिटं मिळाली, मागाशिवाय.

आता त्याच्याखाली मिनीलॉगचा लांब षड्ज घालायचं चाललंय. आबा सा धरतात पांढरी चारला (चौथ्या पांढऱ्या पट्टीवर), पण त्यांची पेटी बाजारच्या पांढरी चारहून जरा चढी. मास्टर ट्यून, म्हणजे सगळ्या वाद्याचा सूर एकदम हलवणारी सोय, एकेक सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) वर नेत काल १८ वर आले. अजून सूर एकमेकांवर घासतात. आबा म्हणतात, "आणि दोन चढव."